मागे बसणाऱ्याचा ग्लोव्ह

खेळाच्या दुकानात गवंडीकाका रांगेत उभे राहून ऐकत होते. पुढचा गृहस्थ दुकानदाराला म्हणाला, "पोरासाठी बेसबॉलचा ग्लोव्ह द्या. डाव्या हाताचा."

"खेळतो कुठे? जशी जागा, तसा ग्लोव्ह."

"आजवर फलंदाजाच्या जवळच उभा राहायचा."

"मग हा घ्या, लहान, उथळ. फेकायला चेंडू चटकन निघतो."

"तो नको आता."

"लांब उभा राहणार? हा लांब बोटांचा, पळत झेल घ्यायला."

"बोटांचा नकोच."

"मग फलंदाजाच्या मागे बसणाऱ्याचा. गादीसारखा जाड, वेगळी बोटं नाहीत. पण तिथं मार फार बसतो हो."

"बसू दे. त्यात कुणाला कळणार नाही, म्हणतो."

"काय कळणार नाही?"

"कारखान्यात मशीननं त्याच्या डाव्या हाताची चार बोटं नेली. अंगठा राहिलाय."

"...माप घ्यावं लागेल. आणलंय त्याला?"

"दाराबाहेर उभाय. खिशातला हात काही काढत नाही."