बंद दाराआडची मालीश

खरे सांगते, आमच्या डिंडोलीच्या घरी येणाऱ्या मालीशवाल्या मंगलाबाईंवर मी पाळत ठेवली होती. त्या बाळंतीण सुनेच्या खोलीला रोज आतून कडी लावत आणि तासभर आतून आवाजही येत नसे. अखेर मी दार ठोठावले. त्यांनी ते किलकिले केले. बाळ त्यांच्या कडेवर होते आणि सून गाढ झोपली होती.

“ही कसली मालीश?”

“हळू बोला, बाई. मालीश कधीच झाली. पोरीला झोपच नाही.”

“मला सांगायचे. मी बाळ घेतले असते.”

“तुम्ही बाळ घेता, अन् पाच-पाच मिनिटांनी तिला उठवून विचारता, दूध पाजलं का.”

मी दार हळूच ओढून घेतले. तेवढ्यात शेजारीण बाळ पाहायला आली. मी तिला दारातच थांबवले.

“मालीश चालू आहे. उद्या या.”