विहीणबाईंसमोर अमेरिकेचा इतिहास

नाही हो, गाणी नाहीत — हलू नका, लेप ओला आहे अजून, आणि बोलूही नका, गालावर भेगा पडतात — नुसतं ऐका. सगळ्या गिऱ्हाइकांना तेच वाटतं, पार्लरवाली कानात बोंडं घालून गाणी ऐकते. मी इतिहास ऐकते. अमेरिकेचा. हसलात ना? हसा, पण आतल्या आत. तिकडच्या एका कॉलेजातल्या मास्तरांची व्याख्यानं आहेत, वर्गात रेकॉर्ड केलेली, फुकट — मास्तर खोकतात, मागं कुणाची तरी खुर्ची करकरते, सगळं ऐकू येतं. इंग्रजी? छे, मला कुठलं इंग्रजी! खाली आपल्या भाषेत अक्षरं उमटतात, फोनच करतो ते — करतो म्हणजे काय, दिवे लावतो. सुरुवातीला सारखं ‘घर’ यायचं — घर भांडलं, घरानं कायदा केला, वरच्या घरानं अडवला — मला वाटलं भावाभावांची वाटणी चाललीय! पुढं कळलं, ती त्यांची संसद. गिऱ्हाईक नसलं की वाचत बघते, आणि हात कामात असले की तेच पुन्हा कानांवरून जाऊ देते.

का म्हणजे? आवड. आता आवड म्हणजे — तुम्ही काही रोजच्या नाही, म्हणून सांगते. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मी विहीणबाईंना सांगून बसले, मी इतिहासात बी.ए. केलंय. झालं! आणि मी नववीतून घरी बसलेली. त्यांच्याकडे सगळे शिकलेले, त्या स्वतः मुख्याध्यापिका होत्या. लेक म्हणाली, आई, विचारलंच तर अमेरिकेचा इतिहास होता म्हण, इथे तो कुणाला येत नाही — तेव्हा मला कळलं की मी बी.ए. आहे. म्हणजे — कळलं म्हणजे — सांगितलं मीच होतं हो, विषय तेवढा तिनं ठरवला.

तर रविवारी त्यांनी जेवायला बोलावलं. विषय निघाला, आणि मी सुटलेच! चहाच्या पेट्या समुद्रात कशा फेकल्या, लढाई कशावरून पेटली, गुलाम सुटले आणि सुटून जायचं कुठं — अहो, जावई जेवायचा थांबला. विहीणबाई म्हणाल्या, ‘किती छान सांगता तुम्ही!’ असं मला कुणी कधी म्हटलेलं नाही. भुवया छान कोरता, एवढंच म्हणतात. आणि मग जावयाची धाकटी बहीण पुस्तक घेऊन आली, तिची परीक्षा तोंडावर. ‘काकू, एवढा परिच्छेद समजावता?’ इंग्रजी पुस्तक. अक्षरं ओळखते मी, दुकानाच्या पाट्या जुळवून वाचते, पण ते पान म्हणजे नुसत्या मुंग्या. मी म्हटलं, अगं, चष्मा घरी राहिला. चष्मा नाकावर होता.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. लेक ताटात बघत राहिली. विहीणबाईंनी अलगद पुस्तक घेतलं माझ्या हातातून, स्वतः वाचलं, मराठीत सांगितलं — सुटलेल्या लोकांना जमिनी देतो म्हणाले आणि परत काढून घेतल्या, तो भाग — आणि मला विचारलं, ‘असंच ना हो?’ मी म्हटलं, असंच. ते तर मला पाठ होतं! बाई चांगली आहे हो. तेच तर सोसत नाही.

लेक खाली सोडायला आली. जिन्यात म्हणाली, ‘आई, नुसती हसून गप्प बसली असतीस तरी चाललं असतं.’ बस्स. रागावली नाही. एवढं सगळं तुला कुठून माहीत, हे काही विचारलं नाही. मी वाट बघितली, रिक्षा येईपर्यंत. तिच्या बोलण्याला खोटं पडू द्यायचं नाही म्हणून मी इतके महिने — जाऊ दे. तिचं तरी काय चुकलं? त्या घरात पार्लरवालीची पोर म्हणून उभं राहायचं! तिच्या जागी मी असते तर आईला थेट एम.ए. करून टाकलं असतं. मला लाज वाटते ती वेगळीच — तिथं बोलता बोलता मला इतका आनंद झाला, की हे खोटं आहे हेच विसरले. वाटलं, मी शिकलेय खरंच. साठीला आलेली बाई, आणि भरल्या ताटावर मिरवत होते.

आज? आज लावलंच नाही. तुम्ही आलात तेव्हा बोंडं कानात होती, पण आत काही चालू नव्हतं. सवय.

अहो, बोलू नका म्हटलं ना — काय? तिनं? नाही नाही, तिनं कुठं, मीच सांगितलं विहीणबाईंना, आत्ता सांगितलं ना मी तुम्हाला? मीच. कुणाशी बोललात तर तसंच सांगा. पार्लरवालीनं थाप मारली म्हणा. लेकीचं नाव नको मध्ये.

चला, उठा. बेसिन तिकडे आहे.