शांत बसली अन् नाई म्हनली

माहं नाव शोभा. माहा बाप भंडाऱ्याकडचा, इकडं जबलपूरले कारखान्यात कामाले लागला अन् इथलाच झाला, म्हनून आमची मराठी अशी अर्धी हिंदी, हसू नका. आमी बौद्ध. पौर्णिमेले बाप आमाले विहारात घेऊन जाये, डोळे मिटून बसवे, म्हने श्वास पाहा, काही करू नका, फक्त पाहा. मी कुठली पाहतो, मी त खिरीची वाट पाहो.

काय सांगू तुमाले, मंग मी नर्स झाली, नेपियर टाउनमधल्या एका प्रायव्हेट दवाखान्यात, एकोणीस वर्षं झाले. नाव घेत नाई, तुमी पन लिहू नका. पहिले वार्डात आमी तीन जनी राहो, मंग दोन, मंग मी एकटी अन् बावीस पेशंट. घंटी इकडं वाजे, सलाईन तिकडं संपे. घरी आली अन् पोरीनं कुकरचं झाकन जरा जोरात ठेवलं का मी तिच्यावर ओरडो, ती म्हने मम्मी आप घर में भी ड्यूटी पे ही रहती हो. छातीत धडधड, झोप नाई. एक दिवस इंजेक्शन भरता भरता चक्करच आली, तिथंच खाली बसली. आमचेच डॉक्टर म्हनले, बीपी वाढलं शोभा जी, टेंशन कम करो. मी म्हनलं, सर, टेंशन जास्त नाई, बाया कमी आहेत.

बाई त आली नाई, ध्यानाचा क्लास आला. मॅनेजर साहेबानं नोटीस लावली, स्टाफचा तनाव कमी कराले माइंडफुलनेस, दर बुधवारी दुपारी, येनं जरूरी. मले असा राग आला! म्हनलं, माह्या बापानं शिकवलं तेच आता हे इंग्रजी नाव लावून शिकवनार, अन् काहून, त आमी गुपचूप डबल ड्यूटी करावी म्हनून.

शिकवाले आली केतकी दीदी, पुन्याची, नवरा फौजेत, नुकतीच बदलीवर आलेली, मराठी अशी साफ का मले तोंड उघडाची लाज वाटे. तरी पहिल्याच दिवशी मी उभी राहिली अन् म्हनलं, दीदी, डोळे मिटून माह्या बावीसचे अकरा होतील का? सगळ्या हसल्या. ती नाई हसली. म्हनली, नाही होणार ताई. तुम्ही शांत बसलात म्हणजे अन्याय संपला, असं मी कधीच सांगणार नाही. तुमच्या आत काय चाललंय, तेवढं मात्र तुम्हाला कळेल.

ती खरं बोलली म्हनून मी बसली. बसली, पन काय बसनं ते! श्वास पाहाले गेली का डोक्यात औषधाची ट्रॉली, पोरीचे पेपर, मॅनेजरचं तोंड. दीदी म्हने, मन पळालं हे कळलं ना, मग झालं, रागावू नका, परत या. परत या, परत या, दहा मिनिटात शंभरदा. तिसऱ्या बुधवारी मी ढसाढसा रडली. मले वाटे मी चिडकी बाई आहो, तवा समजलं का ती चीड नव्हती, भीती होती. माह्या हातून एखाद्या दिवशी कोनी मरन, ही भीती. मंग घरी पन बसाले लागली, इथं जबलपुरातच गोरखपूर मोहल्ल्यात आमचं घर, तिथं गच्चीवर, सकाळी. बीपी एकदम उतरलं असं नाई, गोळी अजून खातो, पन झोप याले लागली, ओरडनं कमी झालं.

अन् मंग जे व्हायचं ते झालंच. एका दुपारी मी एकाले रक्त चढवून राहिली होती, तिकडं कोपऱ्यातल्या आजी एकट्याच बाथरूमले उठल्या, पडल्या, कमरेचं हाड मोडलं. मॅनेजर साहेबानं केबिनमदी बोलावलं. कागद तयारच होता, का सिस्टर शोभाच्या लापरवाहीनं असं झालं. म्हने, साइन कर दीजिए, फॉर्मेलिटी है, आप तो मेडिटेशन करती हैं, शांति से काम लीजिए.

शांति से! छातीत धडधड सुरू झाली, ती मी पाहिली. कान गरम झाले, ते पाहिले. एक श्वास, दोन, तीन. पहिलेची शोभा असती त रडली असती नाईत ओरडली असती, अन् शेवटी सही करून आली असती. मी हळूच म्हनलं, सर, इस पर साइन नहीं करूँगी. कागद पलटवला अन् मागं लिहिलं, त्या येळी वार्डात पेशंट बावीस, नर्स एक. त्याच्याखाली सही केली. आजीच्या लेकाले पन तेच सांगितलं, तोंडावर, अन् आजीची माफी मागितली, कारन पडल्या त त्याच न.

मले सजा म्हनून ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं. माह्या जागी जिले पाठवलं, ती पन म्हनली एकटी नाई करत, मंग दुसरी पन तेच म्हनली. आजीचा लेक रोज साहेबाच्या केबिनमदी जाऊन जाब विचारे. महिन्यानं वार्डात दोन नर्स झाल्या अन् मले परत बोलावलं. दोनच, तीन नाई. अर्धीच जिंकली मी, लिहा तसंच.

केतकी दीदीच्या नवऱ्याची बदली झाली, ती गेली, जिथं असन तिथं सुखी राहो. क्लास पन बंद केला मॅनेजर साहेबानं, म्हने अब जरूरत नहीं. आता आमी सहा जनी बुधवारी जेवनाच्या सुट्टीत चादरी ठेवाच्या खोलीत बसतो, आपल्या आपन. परवा साहेब दारात येऊन उभा राहिला, म्हने ये तो बंद कर दिया था न? मी डोळे उघडले, म्हनलं, क्लास आपने बंद की थी सर, साँस तो हमारी है. साहेब दार लोटून गेला. आमी बसून राहिलो.