शिंपीणबाईंची साक्ष

(रुग्णालयातली कपडे धुण्याची खोली. चादरी धुणाऱ्या मावशी आणि फाटलेल्या चादरी शिवणारी शिंपीण समोरासमोर उभ्या राहून वाळलेल्या चादरींच्या घड्या घालताहेत.)

शिंपीण : टोक नीट धरा, मावशी. आणि विषय बदलू नका. चर्चमध्ये सगळ्यांना माझ्याबद्दल काय सांगून ठेवलंत?

मावशी : खरं तेच. तुझ्या पोराचा ताप एका रात्रीत उतरला आणि तू प्रभूवर विश्वास ठेवलास. ऐकून पाळकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

शिंपीण : येणारच. गोष्ट झकास रचलीत. आता रविवारी बाप्तिस्म्याआधी, माझा विश्वास कसा बसला याची मला सगळ्यांसमोर साक्ष द्यायचीय. तुमची गोष्ट पाठ करून म्हणू का?

मावशी : का गं, पोरासाठी मी प्रार्थना केली नव्हती?

शिंपीण : केलीत. मीच म्हटलं, करा, तेवढ्यानं काही बिघडत नाही. पण ताप उतरल्यावर मी आभार मानले ते डॉक्टरांचे. आणि तुम्हाला मी काय म्हणाले, आठवतंय?

मावशी : तुमच्या देवाला सांगा, आता या चादरीही वाळवून दे म्हणावं.

शिंपीण : मग? ही साक्ष द्यायची?

मावशी : तोंडाची फटकळ तू पहिल्यापासूनच. मी कधी रागावले का?

शिंपीण : तीच तर पंचाईत. रागावला असतात तर मी सुटले असते. माझी आई गेली तेव्हा तुम्हाला वाट्टेल ते बोलले. तुमचा देव कुठे झोपला होता म्हटलं. तुम्ही गुपचूप भांडी घासलीत नि गेलात. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर.

मावशी : उत्तर येत नव्हतं मला. भांडी येत होती.

शिंपीण : मग चर्चला यायला लागले, तेही गाणी बरी वाटतात म्हणून. बसायचे दाराजवळ, कंटाळा आला की सटकायला. तिथे कुणाला एका क्षणात उजेड दिसलेला, कुणाची दारू एका दिवसात सुटलेली. माझ्याकडे असला दिवसच नाही, मावशी. म्हणजे विश्वासही नसेल. मी उभी राहत नाही रविवारी. तुम्हीच कळवा पाळकांना.

मावशी : अगं, किती वर्षं वाट पाहिली मी या रविवारची. ऊर भरून सगळ्यांना सांगितलं, हिला मी आणलं म्हणून.

शिंपीण : मी काय गोणी आहे, पाठीवर टाकून आणायला?

मावशी : बरं बाई, चुकलं. एक सांग, आता प्रार्थना करतेस की नाही?

शिंपीण : घरी नाही जमत. इथे, शिवणाच्या मशीनवर बसले की करते.

मावशी : काय मागतेस?

शिंपीण : माझ्यासाठी काही नाही. फाटकी चादर हातात आली की मनात येतं, उद्या हिच्यावर कोण निजणार, देव जाणे. म्हणून शिवून झाली की म्हणते, प्रभू, याला सांभाळ. मग दोरा तोडते.

मावशी : प्रत्येक चादरीला?

शिंपीण : अभ्र्यांनासुद्धा. का, चालत नाही का असं?

मावशी : कधीपासून करतेस?

शिंपीण : तेच तर आठवत नाही. लक्षात आलं तेव्हा चालूच होतं. तुम्हीच कधीतरी शिकवलं असेल.

मावशी : नाही गं. माझा जन्म गेला या चादरी धुण्यात. मला कधी सुचलं नाही हे.

शिंपीण : मग रविवारी हेच सांगू? लोक हसतील.

मावशी : हसेनात का. आधी मी उभी राहते. तापाची गोष्ट माझ्या पदरची होती, हे सांगून टाकते. मग तू बोल.

शिंपीण : चारचौघांत तुमची मान खाली जाईल.

मावशी : कशी जाईल? तू बोलायला लागलीस की माझ्याइतकी ताठ मान कुणाची नसेल तिथे.

शिंपीण : म्हणजे पुन्हा, हिला मी आणलं?

मावशी : नाही. ही माझी मैत्रीण आहे, एवढंच सांगेन. चल, ती फाटकी चादर घे शिवायला. आणि काय म्हणतेस ते आज मोठ्यानं म्हण. मला शिकायचंय.