हातोडी चालू असताना

बसा की बाई, ते स्टूल डगमगतं पण पाडत नाही कुणाला — तुमच्या बुटाची टाच बसवतो, तोवर माझ्या नातीचं बोला, शाळेत तिला शिकवता ना तुम्ही. नापास? ती? लॅटिनात? अहो, रोज संध्याकाळी इथं माझ्यासमोर बसून घोकते — चालत असलेला, बोलत असलेला — काम चालू आहे तोवर माणसाला चिकटून राहणारे शब्द. मला आवडले बघा. आपलं तरी काय संपतं कधी? मी आपला शिवत असलेलाच.

आई-बाप कामावर, मग तपासायचं कुणी? मीच की. पुस्तक माझ्या पुढ्यात उघडं, पान उडू नये म्हणून वर एक बूट. माझ्या तोंडात खिळे, म्हणून बरोबर आलं की मान हलवायची, नाहीतर बोट फिरवायचं — पुन्हा म्हण. काय म्हणता, सगळ्या चुका एकाच तऱ्हेच्या? लिहीत असलेला — 'स्क्रीबेन्स' हवं, तिनं 'स्क्रीबान्स' लिहिलं? थांबा हां. थांबा. तुमचं ते 'स्क्रीबेन्स'च म्हणाली होती ती, अगदी पहिल्यांदा. पण हातोडी चालू होती, अर्धंमुर्धं ऐकू आलं, म्हणून बोट फिरवलं — पोरीला वाटलं चुकलं, बदलून म्हटलं. तोवर खिळा ठोकून झाला होता, स्वच्छ ऐकू आलं, मी मान हलवली. खिळे काढून शाबास म्हणालो वर. असं किती वेळा झालं असेल, देव जाणे.

पुस्तकात बघायचं होतं, खरं आहे तुमचं. समोरच होतं की. पण बाई, बुटाच्या तळाचा नंबर सोडला तर मला काही वाचता येत नाही. लॅटिन राहू द्या, आपलीसुद्धा अक्षरं नाहीत. ती तीन वर्षांची असताना गोष्टीचं पुस्तक घेऊन मांडीवर बसली, मी चित्रं बघून गोष्ट रचली — तिला वाटलं आजोबा वाचतात. मी वाटू दिलं. तेव्हापासून चालूच आहे.

सोमवारी पुन्हा परीक्षा, आणि तेव्हाही नापास झाली तर लॅटिनच्या वर्गातून नाव जाणार? चार दिवस आहेत, पुष्कळ झाले. माझं हे न वाचता येणं तुम्ही सांगता तिला? नको, नको. घाला बूट, चालून बघा — बसली ना टाच? मग निघा आता, ती बघा कोपऱ्यावर आलीच.

ये बाळ, बस. नाही, पुस्तक इकडे नको देऊस, तुझ्याकडेच ठेव. हातोडी ठेवलीय मी खाली. आधी मला काही सांगायचंय.