खाट नंबर तीन

...आणि त्या उशीचा वास! शी! तुम्हाला सांगतो, खोबरेल तेल, घाम आणि कंपनीतलं ग्रीस, तिन्ही एकत्र मुरलेलं, आणि त्यावर आपला राजरत्न डोकं ठेवणार, का, तर परतूरहून बीएस्सी करायला आलाय, कॉलेज उल्हासनगरात, खिसा फाटका, म्हणून जवळच मोरिवलीत इंदुबाईकडे तीन नंबरची खाट भाड्यानं घेतली. खोली नाही हो, खाट! तीही अर्धी! रात्री राजरत्नची, दिवसा धोंडिबाची, कारण धोंडिबा आनंदनगरच्या कंपनीत रातपाळीला. यानं एक स्वच्छ चादर मागितली, तर इंदुबाई पान चघळत म्हणते, "खाट हाय ना? मंग झालं."

आठवडाभर बरं चाललं. सोमवारी संध्याकाळी हा कॉलेजातून येतो तो काय... खाटेवर धोंडिबा, तोंड उघडं, ढाराढूर! अहो, पाळी दर सोमवारी बदलते हे मोरिवलीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक, पण याला कोण सांगणार? इंदुबाईकडे गेला, तर ती म्हणे, मग या आठवड्यात तू दिवसा झोप. हा म्हणे, आणि कॉलेजात काय खाट जाऊन बसणार? तर पुन्हा तेच, खाट हाय ना, मंग झालं.

बरं, जेवण? संध्याकाळी डबा खाटेच्या उशाशी ठेवायचा, खाटेवर जो असेल तो खाणार, असा तिथला कायदा. वरण म्हणजे भांडी विसळलेलं पाणी, त्यात एक मोहरी, बिचारी एकटीच पोहतेय. धोंडिबा मायाळू माणूस, याच्यासाठी दीड चपाती ठेवायचा, पण कशी? त्याच वरणात पाची बोटं बुचकळून झाल्यावर, डब्याच्या काठाला मिशीतलं शीत! डोळे मिटून गिळायचा हो पोरगा, भूक वाईट. रात्रभर ओट्यावर बसायचं, दिवसा आडवं व्हायचं, म्हणजे दर दुसरा आठवडा कॉलेज बुडालं, आणि हजेरी पंचाहत्तर टक्के नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत, हा आपला पन्नासावर.

शेवटी धोंडिबापुढेच रडला. धोंडिबानं डोकं खाजवलं आणि अगदी मनापासून तोडगा काढला, "माझ्या कंपनीत लाग, माझ्या उलट पाळीला. मी उठलो की तू झोप, कधी टक्कर नाय. वर कॅन्टीनचं गरम जेवण." हा म्हणाला, दोनच महिने हं. तुम्हाला सांगतो, वर्ष झालं, ती चादर काही थंड होत नाही, एक उठतो, दुसरा पडतो, ओलसर, कोमट... शी! पण खाट आहे ना? मग झालं.

परवा सुपरवायझरनं याचे कागद चाळले, म्हणाला, अरे, बारावीला एवढे मार्क, मग बीएस्सी का सोडलंस?

हा म्हणाला, "साहेब, झोप येत होती."