पट्ट्यापट्ट्यांचं पॅनेल

चूक माझीच हाय. न्हावऱ्यात दूध संस्थेचं इलेक्शन महिन्यावर आलेलं आन् आम्ही दहा जणांनी अर्जेंटिनातल्या एका क्लबाचे पट्ट्यापट्ट्यांचे टी-शर्ट घेतले. चेअरमन आप्पांनी मला गाठलं.

“कुठल्या पॅनेलचं हाय हे?”

“पॅनेल न्हाई, आप्पा. फुटबॉलचा क्लब हाय. रेल्वेच्या कामगारांनी काढलेला.”

“मालक कोण?”

“सभासदच. अध्यक्षबी तेच मतानं निवडत्यात.”

आप्पांनी डोळे बारीक केले. “आन् पहिला अध्यक्ष?”

“इंग्रज साहेब होता. पुढं सभासदांनीच पाडला त्याला.”

“असं व्हय,” म्हणाले आन् निघून गेले.

इलेक्शनआधी संस्थेच्या वार्षिक सभेला बघतो तर आप्पा स्टेजवर, धोतरावर तोच टी-शर्ट घालून. माईकवरनं मलाच विचारलं, “आता सांग, पॅनेल कुणाचं?”